मखराची जाळी आणि मोडक्या पात्यांचा डबा

फोंडा तालुक्यातल्या एका लाकूडकामाच्या वर्कशॉपमध्ये स्क्रोल सॉची, म्हणजे बारीक उभे पाते वर-खाली हलवून नक्षी कापणाऱ्या मशीनची, पाती इतक्या झपाट्याने संपत होती की काम अर्ध्यावर असतानाच मालकाने पात्यांचा ब्रँड दोनदा बदलला. फरक काहीच पडला नाही. मी मशीन दुरुस्तीची कामे करतो. मला बोलावणे आले ते मोटर जास्त फिरते की काय, हे बघायला. मोटर ठणठणीत होती. ‘हल्ली ब्लेड खराब येतात’ ही तक्रार मात्र कडक प्लाय कापणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असते, आणि या वर्कशॉपमध्ये तिचा छडा लावायला लागणारा सगळा पुरावा हाताशी होता. तिथला मेस्त, म्हणजे सुतार, जुन्या वळणाचा माणूस, काहीही फेकत नाही. मोडलेली, बोथट झालेली सगळी पाती त्याने एका पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवली होती.

आधी काम काय होते ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ‘मऊ प्लाय का नाही घेतलात?’ हा प्रश्न सुटत नाही. फोंड्याकडच्या देवळांत नवरात्रात मखरोत्सव होतो. देवाला सजवलेल्या मखरात बसवतात आणि आरतीच्या वेळी वाद्यांच्या तालावर ते मखर झुलवतात. म्हणजे चवथीला घरी गणपतीमागे उभे करतो तसे हे नुसते शोभेचे मखर नव्हे. ते हलते, त्यावर वजन असते, आणि जाळीतल्या बारीक दांड्यांना प्रत्येक झोक्याला धक्का बसतो. अशाच एका मखरासाठी कमळ आणि वेलाच्या नक्षीची जाळी कापलेले लाकडी फळे हवे होते, डाव्या-उजव्या जोड्यांत. पॉप्लरचा हलका प्लाय स्वस्त पडला असता आणि लोण्यासारखा कापलाही गेला असता, पण दोन पाकळ्यांना जोडणारी बोटभरही नसलेली दांडी त्यात टिकली नसती. शिवाय काम श्रावणातले. गोव्याच्या पावसाळी हवेत साधा प्लाय ओल धरतो आणि त्याचे थर सुटू लागतात. म्हणून मालकाने ६ मिमीचा मरीन प्लाय घेतला, आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेला. निर्णय बरोबर होता, आणि घटस्थापनेची तारीख तर कोणासाठी थांबणार नव्हती.

पण हाच प्लाय पात्यांच्या मुळावर येतो. मरीन प्लायचे थर फिनॉलिक रेझिनने चिकटवलेले असतात. कडेने पाहिले की त्या काळपट तपकिरी रेघा दिसतात. हे रेझिन एकदा पक्के झाले की उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. उष्णतेने ते वितळत नाही, जळून काळे पडते. पाच थरांच्या तुकड्यात अशा चार रेघा, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला दात चार वेळा त्या काचेसारख्या कडक थरातून जातात. त्यात वरचे पान गर्जनचे. गर्जनच्या लाकडात सिलिका असते, ती दाताची धार घासून काढते. त्याच्यातला चिकट राळेसारखा द्रव गरम झाला की भुसा दातांच्या खाचेत गच्च बसतो. शिवाय ‘गर्जन प्लाय’ म्हणून घेतलेल्या शीटच्या पोटातही गर्जनच असेल असे नाही. आत अनेकदा निलगिरी असते, आणि तीही काही मऊ नाही. एका थरात धागे उभे, पुढच्यात आडवे, त्यामुळे दाताला एका तऱ्हेचे लाकूड सलग मिळतच नाही.

डबा टेबलावर ओतला आणि मेस्तला म्हटले, “मेस्त, तुम्हीच वेगळी करा. कुठे मोडली त्याप्रमाणे.”

तीन ढीग झाले. सर्वांत मोठा ढीग वरच्या टोकाजवळ, पाते धरणाऱ्या क्लॅम्पच्या अगदी खाली मोडलेल्यांचा. दुसरा लहान, मधोमध मोडलेल्यांचा. तिसऱ्यात न मोडलेली पण ‘कापत नाही’ म्हणून काढून टाकलेली पाती. पाते खरोखर खराब असते तर ते कुठेही मोडले असते. इथे ते ठरावीक जागीच मोडत होते, म्हणजे मारणारे कारण पात्यात नव्हते.

तिसऱ्या ढिगापासून सुरुवात केली, कारण मालकाचे सर्वांत जास्त पैसे तिथे गेले होते. एक पाते उजेडात धरून नख दातांवरून हलकेच ओढायला सांगितले. खालच्या आणि वरच्या भागात दात नखाला लागत होते. मधल्या सुमारे इंचभर पट्ट्यात नख सरळ घसरत होते. त्या पट्ट्याचा रंगही वेगळा होता, निळसर काळा. मेस्तने दुसरे पाते घेतले, तिसरे घेतले. सगळ्यांची तीच गत.

हिशेब सोपा आहे. या मशीनचा स्ट्रोक, म्हणजे पाते एका दिशेला जेवढे सरकते ते अंतर, १९ मिमी, प्लाय ६ मिमी जाड. म्हणजे पात्याचा लाकडाला लागणारा भाग १९ अधिक ६, जेमतेम २५ मिमी. पाते मात्र ५ इंच, म्हणजे १२७ मिमी लांब. दोन्ही टोकांचा क्लॅम्पमध्ये जाणारा भाग सोडला तरी कितीतरी धारदार दात एकदाही लाकडाला न लागता कचऱ्यात जात होते. पाते संपत नव्हते, त्यातला एक इंच संपत होता.

आणि तो इंच एवढ्या लवकर का संपत होता, तर वेगामुळे. घाई होती म्हणून मालकाच्या भाच्याने मशीनचा वेग शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता, मिनिटाला १६०० स्ट्रोक. एका स्ट्रोकला पाते खाली जाते आणि वर येते, म्हणजे १६०० गुणिले ३८ मिमी. मिनिटाला जवळजवळ ६१ मीटर घासणे, आणि तेही त्याच २५ मिमी पट्ट्यावर. कार्बन स्टील तापत गेले की आधी पिवळसर होते, मग निळे. निळा रंग येतो तो साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास. तिथपर्यंत गेलेल्या दाताचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेले असते. पुढे कितीही हळू चालवा, त्याला धार राहत नाही. मोठ्या करवतीला कानस लावता येते. इथे दात इतके बारीक की ती सोय नाही.

भाच्याला हे पटवायला वेळ लागला. त्याचे म्हणणे, वेग कमी केला तर काम मागे पडेल. वेग अर्ध्यावर, ७००-९०० स्ट्रोकच्या दरम्यान आणला, तर मशीन थरथरायला लागले आणि त्याला वाटले आपण जिंकलो. खरे तर मशीन बेंचला बोल्टने बसवलेलेच नव्हते. काही वेगांना त्याची थरथर वाढायची म्हणून तो नकळत वेग वाढवत गेला होता. चार बोल्ट लावले, खाली रबर टाकले. थरथर पात्यालाही मारते, हे वेगळे सांगायला नको.

वेग उतरवल्यावर हाताची सवय उघडी पडली. पाते बोथट होऊ लागले की माणूस नकळत फळा पुढे दाबतो. दाबला की पाते मागे वाकते, कापाच्या भिंतींना घासते, अजून तापते. दुसऱ्या ढिगातली मधोमध मोडलेली पाती याचीच. याला मोजमाप नाही, कानाने आणि बोटांनी कळते. पाते जेवढे खाईल तेवढेच द्यायचे. बोटांची टोके पांढरी होईपर्यंत दाबावे लागत असेल, तर पाते मेले आहे असे समजून ते काढायचे. मेलेल्या पात्याने ‘एवढी एक पाकळी’ उरकली की कड जळते, आणि ती काळी कड पॉलिश पेपरने काढायला जो वेळ जातो त्यात नवी जाळी झाली असती.

याच ढिगातल्या काही पात्यांचे कारण आणखी एक होते. स्क्रोल सॉची पाती बनतानाच त्यांच्या एका बाजूला बारीक कंगोरा राहतो. त्यामुळे पाते सरळ न जाता किंचित एका अंगाला, बहुधा उजवीकडे ओढते. भाचा ही ओढ हाताने दाबून सरळ करत होता. त्याऐवजी फळाच थोडा तिरपा धरून ढकलला की रेघ सरळ येते आणि पात्याला बाजूचा ताण बसत नाही. नवे पाते लावल्यावर मशीन चालू असताना त्याच्या पाठीच्या दोन्ही कडांना बारीक ऑइल स्टोन हलका टेकवला की पाठ गोल होते. मग पाकळीच्या टोकाशी पाते जागच्या जागी वळते, अडकत नाही. त्याआधी भुसा मात्र साफ करावा, कारण ठिणगी उडते.

आता मोठा ढीग. वरच्या टोकाशी मोडलेली पाती.

जाळीचे काम म्हणजे आतली भोके. प्रत्येक भोकासाठी पात्याचे वरचे टोक सोडायचे, फळा त्यावरून खाली उतरवायचा, टोक पुन्हा क्लॅम्पमध्ये घालायचे, ताण द्यायचा. खालचे टोक जागेवरच असते. एका कमळात अशा कितीतरी पाकळ्या, म्हणजे पात्याच्या त्या वरच्या सेंटिमीटरभर भागाने किती वेळा आवळून घ्यायचे आणि सुटायचे! त्यात क्लॅम्पचा स्क्रू झिजून टोकाला घुमटासारखा झाला होता. त्यामुळे तो आवळताना पात्याला पीळ देत होता. पाते निसटते म्हणून भाचा पक्कडीने आवळायचा. पक्कडीने स्क्रू आणखी झिजला, आणि मग पक्कडीशिवाय आवळणेच अशक्य झाले.

स्क्रूचे टोक कानशीने सपाट केले. नव्या पात्यांना पॅकिंगचे तेल असते, ते पकडीत निसटण्याचे खरे कारण. दोन्ही टोके थिनरने पुसून २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर एकदा घासली की हाताने आवळलेला स्क्रूही पाते सोडत नाही. पाते लावल्यावर लहान गुण्या टेबलावर ठेवून ते सरळ उभे आहे का हे बघायचे. समोरून बघायचे आणि बाजूनेही.

ताणाच्या बाबतीत इथे सगळ्यांचा समज उलटा होता. सैल पाते मोडते हे सर्वांना ठाऊक, म्हणून जितके घट्ट तितके चांगले असे धरून चालले होते. अति ताणात पाते क्लॅम्पच्या तोंडाशीच तुटते, डब्यात दिसत होते तसे. बोटाने बाजूने साधारण जोर लावला तर पाते दोन-तीन मिमी हलावे, आणि छेडले तर स्वच्छ, चढा सूर निघावा. आरतीच्या पेटीवर बसणाऱ्या मेस्तने हे ताबडतोब पकडले. भाच्याला अजून मोजावे लागते.

भोकांचे माप हे आणखी एक कारण निघाले. पात्याचा नंबर जितका मोठा तितके ते रुंद; ५ नंबरचे पाते जवळजवळ १ मिमी रुंद. भोके पाडली होती त्याहून किंचित मोठी, ‘नक्षी खराब होऊ नये’ म्हणून. त्यातून पात्याचे टोक शिरताना वाकायचे. टाकाऊ भागाच्या मध्ये २ मिमी भोक पाडायला जागा भरपूर होती. ड्रिलने खालच्या बाजूला उचललेली साल काढायची सवयही नव्हती. ती राहिली की फळा टेबलावर डगमगतो, आणि डगमगणाऱ्या फळ्यात पाते मोडायला एक धक्का पुरतो.

या सगळ्यापेक्षा जास्त फरक पडला तो एका साध्या बदलाने. डाव्या-उजव्या जोडीचे दोन फळे एकावर एक ठेवून, कडांना टेप गुंडाळून एकदम कापायला घेतले. उजवी नक्षी डावीचे आरशातले रूप असल्याने दोन्हींचा आकार एकदम निघतो, फक्त एक फळा उलटा लावायचा. जाडी १२ मिमी झाली, पात्याचे काम वाढले हे खरे. पण पाते काढण्या-घालण्याची वेळ निम्म्यावर आली, आणि पाती तर तिथेच मरत होती. तीन फळे एकदम कापण्याचा मोह मालकाला झाला. तो मी मोडून काढला. १८ मिमी कडक मरीन प्लायमध्ये बारीक पात्याला भुसा बाहेर टाकायला वावच उरत नाही.

पाते कोणते, यावर मेस्तचे आणि माझे थोडे वाजले. त्याला बारीक दाताचे, ३ नंबरचे हवे होते, काप स्वच्छ येतो म्हणून. बारीक दातांत भुसा अडकतो आणि कडक प्लायमध्ये ते लवकर तापतात. शेवटी ५ नंबरचे, एक दात सोडून दात असलेले आणि खालच्या टोकाला काही दात उलटे असलेले पाते ठरले. त्याला इंचाला साडेबारा दात, म्हणजे दर २ मिमीला एक. ६ मिमी प्लायमध्ये कुठल्याही क्षणी तीन दात असतात, एवढे पुरतात. जोडीसाठी ७ नंबर घेऊन बघितला, पण पाकळीच्या टोकाला तो नीट वळेना. गोल तारेसारखी, सर्व बाजूंनी कापणारी पाती काही लोक सुचवतात. या कामाला ती मला पसंत नाहीत. ताणली की लांबतात आणि कड केसाळ सोडतात.

उलट्या दातांचा एक नियम पाळावाच लागतो. पाते सर्वांत वर असताना टेबलाच्या वर दोन-तीनच उलटे दात यायला हवेत. तेवढ्याने खालची कड साफ येते. जास्त आले तर ते फळा वर उचलतात आणि कापणेही मंदावते. अशा वेळी पात्याचे खालचे टोक कटरने थोडे छाटून ते खाली बसवायचे.

आता तो न वापरलेला भाग. मशीनच्या टेबलावर एक पाट बसवला. १२ मिमीचे दोन तुकडे आणि वर १ मिमी सनमायका, म्हणजे २५ मिमी. मध्ये पात्यापुरते भोक, खाली दुतर्फा टेप. फळा २५ मिमी उचलला की पात्याचा बरोबर पुढचा, हातही न लागलेला पट्टा लाकडासमोर येतो. मशीनची क्षमता ५० मिमी जाडीची, त्यामुळे वरचा क्लॅम्प पाटाला लागण्याची भीती नाही. जोडी कापताना हिशेब १९ अधिक १२, म्हणजे ३१ मिमी लागतो. तेव्हा जुन्या पट्ट्याचे ६ मिमी पुन्हा वापरात येतात. तेवढे चालते.

यात एक अडचण आहे. वर उचललेल्या फळ्यापर्यंत उलटे दात पोचत नाहीत, म्हणून खालची कड थोडी फाटते. पाटाचे भोक अगदी लहान ठेवले तर धाग्यांना खालून आधार मिळून फाटणे बरेच कमी होते. तरी दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या जाळ्या नव्या पात्याने उघड्या टेबलावर आणि मागे कापड लागणाऱ्या जाळ्या पाटावर, अशी वाटणी केली. पाट सारखा लावायचा-काढायचा कंटाळा येतो. म्हणून सकाळी उघड्या टेबलावर काम आणि अर्धी वापरलेली पाती वेगळ्या डबीत, जेवणानंतर पाट लावून तीच पाती. मेस्त जुन्या पात्यांचा डबा बंद करून ही डबी वापरू लागला, तेव्हा मालकाला बदल दिसला. एका जोडीला पूर्वी मूठभर पाती लागायची. आता दोन-तीनमध्ये भागते. पाकळ्या फार असलेल्या जोडीत एखादे जास्त.

वंगणाचा प्रश्न उरला. मेणबत्ती किंवा मध-मेण पात्याला लावणे ही जुनी युक्ती आहे आणि ती चालते. पण या फळ्यांवर पुढे सोनेरी रंग चढायचा होता, आणि मेण लागलेल्या कडेवर रंग धरत नाही. म्हणून नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवला. टेपच्या पाठीला निसरडा थर असतो, त्यामुळेच तर तो रोलवर स्वतःला चिकटून बसत नाही. पाते तो थर घेत पुढे जाते आणि जळणे डोळ्यांना दिसण्याइतके कमी होते. टेप काढला की लाकूड कोरे.

पावसाळ्याचा मुद्दा मालकाने स्वतः काढला. उघड्या डब्यात पाती चार दिवसांत तांबारतात. गंजलेला दात म्हणजे आधीच खड्डे पडलेला दात. आता पाती झाकणाच्या प्लास्टिकच्या नळीत, सिलिका जेलच्या पुडीसकट असतात. प्लायच्या शीटही जमिनीवरून उचलून फळ्यांवर आडव्या ठेवल्या, कारण ओल धरलेला प्लाय कापाशी पात्याला आवळतो. रस्त्यावरची लाल धूळ शीटवर बसते, ती कापण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसून शीट वाळवून घ्यायची. ती धूळ म्हणजे बारीक खडीच.

एका गोष्टीवर उपाय सापडला नाही. प्लायच्या पोटात कधी पोकळी असते आणि ती पुट्टीने भरलेली असते. पाते त्यात शिरले की नवे असो वा जुने, बोथट होते. मेस्त शीट घेताना ती टकटक वाजवून बघतो आणि पोकळ आवाजाची जागा पेन्सिलने खुणावून टाकाऊ भागात नेतो. सगळ्या सापडत नाहीत.

पुढच्या कामात प्लाय ९ मिमीचा आहे, खांबांच्या पट्ट्यांसाठी. तिथे २८ मिमी पट्टा लागेल, त्यामुळे तोच २५ मिमीचा पाट चालेल आणि जुन्या दातांचे फक्त ३ मिमी मध्ये येतील. नक्षीत तीक्ष्ण टोके नाहीत, म्हणून ७ नंबरची पाती मागवायला सांगितली आहेत. जोडी मात्र कापायची नाही. एकेक फळाच.